वाटसरूचा पाव

लिनेट : म्हणजे कालही नाही मागितलात.

केनेथ : कालही राहिलं.

लिनेट : राहिलं कसं? तुम्ही रांगेत पहिले होतात. पोस्टातली मॉरीन सांगत होती. या गावात तुम्ही शिंकलात तरी मला इथं चुलीपाशी कळतं, मिस्टर गार्साइड.

केनेथ : पहिलाच होतो. पण मागून शाळेची सहल आली. लहान मुलं. म्हटलं, व्हा बाळांनो पुढे. मग त्यांच्या बाई राहिल्या, त्यांना म्हटलं, तुम्ही पण व्हा. मग एक जोडपं आलं, त्यांचं बाळ रडत होतं…

लिनेट : आणि तुमची पाळी आली तेव्हा टोपली रिकामी.

केनेथ : रिकामी. खिडकी लागली.

लिनेट : बरं. परवा?

केनेथ : परवा अगदी खिडकीशी गेलो. आतल्या बाईंनी विचारलं, काय हवंय? मी म्हटलं… म्हटलं, स्वच्छतागृह कुठं आहे?

लिनेट : काय म्हणावं तुम्हाला.

केनेथ : त्यांनी दाखवलं. मग गेलो. गरज नव्हती, तरी गेलो. रस्ता विचारायचा आणि जायचं नाही, बरं दिसत नाही ते.

लिनेट : टोमॅटो घ्या. भाजलाय छान. आणि पहिल्या दिवशी काय झालं होतं?

केनेथ : पहिल्या दिवशी पाटी वाचली.

लिनेट : दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही वाचली असणार. पाठ झाली असेल.

केनेथ : झाली. ‘जो वाटसरू दारी येऊन मागेल त्याला पाव आणि घोटभर बिअर द्यावी. न मागणाऱ्यास देऊ नये.’

लिनेट : आता बघा. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, ही तर धर्मशाळा. सातशे वर्षं तोच नियम आहे. बिशप आला तरी त्यालाही तोंड उघडावं लागतं. आणि तो पाव तो केवढा? काडेपेटीएवढा. वर शिळा. माझा टोस्ट खा, तो न मागता मिळतो.

केनेथ : तुमचा टोस्ट फार छान असतो.

लिनेट : टोस्टचं कौतुक पुरे झालं. दुपारी तुमची बस. सोमवारी विमान. पर्थला लेकीकडे, कायमचे. तिकडून पाव मागायला परत येणार आहात?

केनेथ : नाही. तेच तर. आज झालं नाही तर राहिलंच ते.

लिनेट : मग त्यात एवढं आहे तरी काय? चार दिवस झाले तुम्हाला माझ्याकडे खोली घेऊन. किल्ला बघितला नाहीत, मोठं चर्च बघितलं नाहीत, नदीवर गेला नाहीत. लोक त्यासाठी कुठून कुठून येतात इथं. तुम्ही रोज सकाळी उठून फाटकावर जाता आणि हिरमुसलं तोंड घेऊन परत येता. मी विचारणार नव्हते. पाहुण्याच्या पोटात शिरू नये. पण आता शिरते.

केनेथ : तुम्ही कामात आहात.

लिनेट : काम गेलं खड्ड्यात. हे बघा, खुर्ची ओढली, बसले. आणि आधी मला दुसरंच एक सांगा. आल्या दिवशी तुम्ही जिना चढलात, तेव्हा वळणावरच्या त्या वाशाखाली मी सांगायच्या आत वाकलात.

केनेथ : वाकलो का?

लिनेट : वाकलात. या घरात येणारा प्रत्येक माणूस तिथं कपाळ फोडून घेतो. मी तिथं उशी बांधून बघितली, घंटी लावून बघितली, काही उपयोग नाही. माझा नवरा लग्नाला इतकी वर्षं झाली तरी महिन्यातून एकदा आपटतोच. आणि तुम्ही हातात बॅग घेऊन, माझ्याशी हवापाण्याचं बोलत, सहज वाकलात. मी रात्री नवऱ्याला म्हटलं, हा माणूस या घरात आधी येऊन गेलाय.

केनेथ : हे इथं, भुवईच्या वर, दिसतं का?

लिनेट : थांबा, चष्मा. हो. खूण आहे बारीक.

केनेथ : त्याच वाशाची आहे ती. सतरा वर्षांचा होतो. तो मोठा बर्फाचा हिवाळा होता बघा.

लिनेट : मी जन्मायची होते. पण ऐकलंय. नदीवर लोक सायकली चालवायचे.

केनेथ : चालवायचे. मी बघितलंय. आमच्याकडे उत्तरेत गिरणी बंद पडली होती. वडील गेलेले. कुणी तरी म्हणालं, साउदॅम्प्टनला जहाजावर पोरं घेतात. निघालो चालत. थोडं मालगाडीतून, थोडं दूधवाल्याच्या ट्रकमधून. पण बर्फानं रस्ते बंद झाले आणि इथं येईपर्यंत माझ्या पोटात दोन दिवस काही नव्हतं. ट्रकवाला म्हणाला, इथं धर्मशाळा आहे, वाटसरूला पाव देतात. जा.

लिनेट : आणि तुम्ही गेलात.

केनेथ : गेलो. पाटी वाचली.

लिनेट : तेव्हाही?

केनेथ : तेव्हाही. आमच्या आईनं एकच शिकवलं होतं. दिलं तर घ्यावं, आभार मानावेत, पण मागू नये. मेलं तरी मागू नये. ती स्वतः तशीच गेली, औषध न मागता. तर मी उभा राहिलो भिंतीशी. वाटलं, कुणी तरी विचारेल, काय रे, भूक लागली का? मग हो म्हणता येईल. आत एक म्हातारे ब्रदर होते काळ्या झग्यातले. बघत होते माझ्याकडे. मला वाटतं, त्यांनाही द्यायचं होतं. पण नियम.

लिनेट : ब्रदर हॅमंड. मेले ते. फार कडक होते.

केनेथ : सकाळभर उभा होतो. पाय बधिर झाले. तेवढ्यात बेकरीची एक मुलगी आली पाव पोचवायला. डोक्याला निळा रुमाल. पावांची टोपली आत देऊन निघाली, माझ्याजवळून गेली, थोडं पुढे जाऊन थांबली आणि परत आली. म्हणाली, मागितलास का? मी मान हलवली, नाही. म्हणाली, मग माग की. मी पाटीकडे बघत राहिलो. म्हणाली, तोंड नाही का तुला?

लिनेट : पुढे?

केनेथ : पुढे ती मुलगी वळली आणि सरळ गेली फाटकाच्या खिडकीशी. टकटक केलं. आणि मोठ्यानं म्हणाली, मी वाटसरू आहे, मला वाटसरूचा पाव द्या.

लिनेट : मिस्टर गार्साइड.

केनेथ : ब्रदर म्हणाले, अगं, आत्ता तूच तर पोचवलास हा पाव, पलीकडच्या गल्लीत राहतेस तू. ती म्हणाली, राहत असेन, पण आत्ता मी चालले आहे ना? चालतो तो वाटसरू. पाटीवर घर किती लांब असावं ते लिहिलेलं नाही. द्या.

लिनेट : दिला?

केनेथ : दिला. तिनं आणून माझ्या हातावर ठेवला. बिअरचा पेलासुद्धा. स्वतः घास घेतला नाही. म्हणाली, अजून हवा असला तर पुढच्या वेळी स्वतः माग. मागून घेतलं की तो हक्क होतो, आणि न मागता कुणी दिलं की ती भीक. मग मला या घरी घेऊन आली. आत आलो, जिना चढायला लागलो आणि त्या वाशावर आपटलो. तिच्या आईनं एक शब्द विचारला नाही. रक्त पुसलं, सूप दिलं, फडक्यात गुंडाळून गरम वीट दिली अंथरुणात. माळ्यावर झोपलो. पहाटे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकणारा ट्रक जाणार होता दक्षिणेला, त्यातून गेलो. मुलगी तेव्हा बेकरीत गेली होती कामावर. आभार मानायचे राहिले. नावही विचारलं नाही मी तिचं. काय झालं? तुम्ही…

लिनेट : काही नाही. कांद्यानं झालं.

केनेथ : कांदा नाहीये इथं.

लिनेट : नसू दे. तुम्ही पुढे बोला.

केनेथ : पुढे काय. जहाजावर लागलो, भटारखान्यात. जन्मभर स्वयंपाकी होतो. माझ्या भटारखान्यात कुणाला कधी मागावं लागलं नाही, एवढं मात्र पाळलं. बघितलं की वाढायचं. पण स्वतःला काही मागता आलं नाही कधी. आमची शीला, माझी बायको, म्हणायची, तुला पाणी हवं असलं तरी तू ग्लासाकडे बघत बसतोस. ती गेली दोन वर्षांपूर्वी. जायच्या आधी म्हणाली, त्या गावाला जा एकदा आणि तो पाव माग. तेवढं केल्याशिवाय लेकीकडे जाऊ नकोस. म्हणून आलो. घर सापडेल असं वाटलं नव्हतं. गल्लीत शिरलो आणि ही वाकडी खिडकी दिसली.

लिनेट : चार दिवस तुम्ही माझ्या घरात राहिलात. माझ्या हातचं खाल्लंत. आणि एकदाही विचारलं नाहीत, की बाई, ती मुलगी कोण होती?

केनेथ : विचारणार होतो. तुम्ही सारख्या कामात असायचात.

लिनेट : देवा रे. तिचं नाव एनिड. माझी आई आहे ती.

केनेथ : आई. … होती?

लिनेट : आहे. ठणठणीत आहे. बाबा गेल्यावर म्हणाली, मला या जिन्याचा कंटाळा आला. धर्मशाळेत म्हाताऱ्या माणसांना खोल्या देतात, तिथं जागा झाली तशी राहायला गेली. आता सिस्टर एनिड. काळा झगा, जाड चष्मा. सकाळची पाळी फाटकावर.

केनेथ : फाटकावर.

लिनेट : तीन दिवस तुम्ही तिच्या समोर उभे आहात, मिस्टर गार्साइड. स्वच्छतागृहाचा रस्ता तिनंच दाखवला तुम्हाला.

केनेथ : मला… मला जरा पाणी…

लिनेट : बघा, मागता येतं की. घ्या. हळू.

केनेथ : मी तिच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. वर बघायचा धीरच होत नव्हता.

लिनेट : तिनं तुमच्याकडे बघितलंय. काल संध्याकाळी म्हणत होती, तुझ्याकडे तो उंच म्हातारा उतरलाय ना, येतो, पाटी वाचतो, जातो. आज पोरांना पुढं घातलं त्यानं. जिवाला लागतं बघ, म्हणे, टोपली हातात असते आणि देता येत नाही. मी म्हटलं, दे की मग एक तुकडा. तर माझ्यावरच डाफरली. नियम म्हणजे नियम. हे कोण बोलतंय, तर जिला गावानं जन्मभर ‘वाटसरू एनिड’ म्हणून चिडवलं ती.

केनेथ : चिडवलं? माझ्यामुळे?

लिनेट : अहो, ब्रदर हॅमंडनी बेकरीत जाऊन तक्रार केली. आईची धर्मशाळेची फेरी काढून घेतली आणि स्टेशनाकडची दिली. लांबची, बर्फातून. कुणालाच नको असायची ती.

केनेथ : अरेरे. मला माहीत असतं तर…

लिनेट : थांबा, संपलं नाही. स्टेशनावर एक तिकीट तपासनीस होता. पाववाल्या मुलीला रोज चहा द्यायचा. तो माझा बाप.

केनेथ : म्हणजे…

लिनेट : म्हणजे तुम्ही त्या दिवशी तोंड उघडलं असतंत, तर मी इथं तुम्हाला टोमॅटो वाढायला नसते. मी कसे आभार मानू तुमचे? अजून एक अंडं घ्या.

केनेथ : मी काहीच केलं नव्हतं. नुसता उभा होतो.

लिनेट : तेच म्हणते मी. लहानपणापासून ही गोष्ट ऐकत आलेय. आई शेवटी नेहमी म्हणायची, त्या पोराचं पुढे काय झालं कोण जाणे, बर्फात कुठं पोचला का नाही. प्रत्येक मोठ्या थंडीत म्हणते. गेल्या नाताळातसुद्धा म्हणाली. मी आत्ता फोन करते, पाळी बदलून घेईल, इथंच येईल ती…

केनेथ : नको. लिनेट, नको. कृपा करा.

लिनेट : अहो, पण बस आहे तुमची.

केनेथ : ती म्हणाली होती, पुढच्या वेळी स्वतः माग. तुम्ही फोन केलात तर ते पुन्हा दुसऱ्या कुणी तरी माझ्यासाठी मागितल्यासारखं होईल. मीच जातो. तिला काही सांगू नका.

लिनेट : आणि नाही जमलं तर?

केनेथ : नाही जमलं तर… शीलाला काय सांगू? नाही, जातो.

लिनेट : हा घ्या मफलर. टोपी. आणि ऐका. कुणालाही पुढे जाऊ द्यायचं नाही. पोरं नाहीत, बाळ नाही, बिशप आला तरी नाही.

केनेथ : बरं.

लिनेट : आणि आईची एक तक्रार आहे, जाता जाता सांगते. इतकी वर्षं तो पाव पोचवला, आता टोपलीभर वाटते, पण तिला त्यातला तुकडा तोंडात घालता येत नाही. आत राहणारा तो वाटसरू नव्हे. एकदा मागून मिळाला होता, म्हणते, तोही एका पोरानं खाल्ला. जा आता. वाशाखालून वाका.

केनेथ : तो जिन्यात आहे. दार इकडे आहे.

लिनेट : तरी वाका. माझ्या जिवाला बरं.

(धर्मशाळेच्या फाटकातली खिडकी. त्याच सकाळी.)

एनिड : पाटी कालचीच आहे.

केनेथ : हो. बघितलं.

एनिड : आज लवकर आलास. मागं कुणी नाही.

केनेथ : नाही.

एनिड : स्वच्छतागृह अंगणातून डावीकडे.

केनेथ : माहीत आहे. तुम्ही दाखवलं होतंत. आभारी आहे.

एनिड : मग? काय हवंय?

केनेथ : मला…

एनिड : मला घाई नाही. दुपारपर्यंत बसायचंच आहे मला इथं.

केनेथ : मी वाटसरू आहे. मला वाटसरूचा पाव द्या.

एनिड : झालं की. जीव गेला का मागताना?

केनेथ : नाही गेला.

एनिड : तीन दिवस बघतेय. माझाच जीव टांगला होता. हा घे. बिअरचा पेला हा, परत दे. रात्रीची आहे, जरा उतरलीय.

केनेथ : आणखी एक मिळेल?

एनिड : एका माणसाला एक. पाटीच्या खाली बारीक अक्षरात आहे, ते वाचलं नसशील.

केनेथ : वाचलंय. दुसरा माझ्यासाठी नाही. एका ओळखीच्या मुलीसाठी मागतोय. तिला स्वतःला मागता येत नाही.

एनिड : का? तोंड नाही तिला?

केनेथ : तोंड चांगलं आहे. पण ती फाटकाच्या आत राहते. आत राहणारा तो वाटसरू नव्हे, म्हणतात. म्हणून तिच्या वतीनं मी मागतो. इथं एकदा असं चालवून घेतलंय. बर्फाच्या हिवाळ्यात. निळ्या रुमालवाल्या एका मुलीनं मागितला होता दुसऱ्यासाठी, आणि ब्रदर हॅमंडनी दिला होता.

एनिड : थांब. चष्मा पुसू दे.

केनेथ : सिस्टर?

एनिड : टोपी काढ.

केनेथ : काढली.

एनिड : वाक. अजून. उजेडाकडे कर तोंड. … आमच्या जिन्याचा वासा आहे हा.

केनेथ : हो.

एनिड : पोचलास मग तू.

केनेथ : पोचलो. जहाजावर लागलो. लग्न झालं. एक मुलगी आहे. चांगलं झालं सगळं. त्या दिवशी तुम्ही नसता तर मी त्या भिंतीशीच राहिलो असतो, एनिड. आभार मानायचे राहिले होते. तोंडात पाव होता, मग झोप लागली, मग ट्रक आला. तेव्हापासून राहिलेच होते. ते मानायला आलो.

एनिड : आमची आई त्या रात्री उठून उठून माळ्यावर बघून यायची, पोरगं श्वास घेतंय का. सकाळी मी बेकरीतून धावत आले, तर अंथरूण घडी घालून ठेवलेलं. विटेवरचं फडकंसुद्धा घडी घालून. आई म्हणाली, चांगल्या घरचा होता. मी म्हटलं, मुका होता. … या वयात रडवतोस होय रे मला, फाटकावर बसून?

केनेथ : माफ करा.

एनिड : माफीबिफी नको मागू. पाव मागितलास तेवढा पुरे. लिनेटला माहीत आहे?

केनेथ : आज सकाळी कळलं. मीच म्हटलं, सांगू नका.

एनिड : म्हणून तिचा फोन आला नाही. एरवी दिवसातून दहा वेळा करते. दिवसभर तिचं पोट फुगून बसेल आता. तुझं नाव काय रे? तेव्हा विचारायचं राहिलं.

केनेथ : केनेथ.

एनिड : केनेथ. बरं. इकडे ये, या आतल्या बाकावर बस. मागून कुणी आलं तर मी बघते. हा घे दुसरा, आणि आण माझा तुकडा.

केनेथ : घ्या.

एनिड : हं. … शिळाच आहे रे.

केनेथ : तेव्हाही असाच होता.

एनिड : आणि यासाठी मी माझी फेरी घालवली. तुझी बस कधी आहे?

केनेथ : दुपारची. संध्याकाळचीही एक आहे, म्हणतात.

एनिड : मग संध्याकाळच्या बसनं जा. लिनेट मटणाचा पाय भाजेल, तिला मी सांगते. तोवर खा हे. आणि अजून हवा असला तर—

केनेथ : मागेन.